बायोसचा बाप : गॅरी किल्डॉल

पीसी चालू करायचा, डिलीट नाहीतर एफ-टू दाबत बसायचं, सेटअपचा पडदा आला की बूट ऑर्डरमध्ये पेन ड्राइव्ह वर न्यायचा आणि एफ-टेन दाबून बाहेर पडायचं. हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढलेल्या प्रत्येकाने हे केलेलं असतं. मेकॅनिकलवालेसुद्धा करतात. पण बायोस हा शब्द पहिल्यांदा वापरला कोणी, असं मी आमच्या विंगमध्ये दारोदार फिरून विचारलं, तेव्हा बरेच जण आयबीएम म्हणाले, काही जण बिल गेट्स म्हणाले, आणि शेवटच्या रूमने दारच उघडलं नाही.

तो माणूस गॅरी किल्डॉल. त्याच्याबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगतात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या सेमिनारमध्ये. आयबीएमचे साहेब ऑपरेटिंग सिस्टिम विकत घ्यायला दारात आले, हा पठ्ठ्या विमान उडवायला निघून गेला, मग आयबीएम बिल गेट्सकडे गेली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संधी एकदाच दार ठोठावते वगैरे. ही गोष्ट मी दोन वेगवेगळ्या वक्त्यांकडून ऐकली आहे आणि दोन्ही वेळा हॉलमध्ये हशा पिकला. मला मात्र ती ऐकून वाईट वाटतं. ज्याने ८०८५ किंवा ८०८६ चं प्रॅक्टिकल केलंय त्याने तरी या माणसावर फुकट हसू नये. का, ते पुढे येईलच.

किल्डॉल जन्मला १९ मे १९४२ रोजी, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल शहरात. घरचा धंदा वेगळाच. जहाजावरच्या लोकांना नौकानयन शिकवणारी शाळा त्याच्या घरची होती. दर्या, नकाशे, ताऱ्यांवरून जागा काढण्याची गणितं, हे सगळं घरातच. पोरगा स्वतःही त्या शाळेत शिकवायचा. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गेला तो गणिताचा मास्तर व्हायचं म्हणून. तिथे त्याला कॉम्प्युटर भेटला आणि गणिताचा मास्तर राहिला बाजूला.

त्या काळात अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती. किल्डॉलची सेवा नौदलाच्या खात्यात लागली, पण बंदूक हातात न येता खडू आला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी नौदलाचं पदव्युत्तर महाविद्यालय आहे, तिथे तो कॉम्प्युटर सायन्स शिकवू लागला. मधे परत जाऊन १९७२ मध्ये पीएचडी पुरी केली. विषय कंपायलरचा. १९७३ साली त्याने प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनवर एक पेपर लिहिला. कंपायलरच्या पुस्तकात डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसचं प्रकरण आहे ना, जे आपण ऑप्शनला टाकतो, त्याचं मूळ त्या पेपरमध्ये आहे. म्हणजे विमान उडवणारा हा इसम कोणी हौशी गॅरेजवाला नव्हता. थिअरीचा पक्का होता.

१९७१ च्या नोव्हेंबरात इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. चार बिटांचा. मोठमोठ्या मशीनवर काम करणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांना ते खेळणं वाटलं. किल्डॉलने चिप मिळवली आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला लागला. सुट्टीच्या दिवशी तो इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागला. इंटेलच्या प्रोसेसरसाठी त्याने पीएल/एम नावाची भाषा आणि तिचा कंपायलर बनवला. इंटेलने ती भाषा पुढे कित्येक वर्षं वापरली.

इंटेलकडून त्याला एक डेव्हलपमेंट सिस्टिम मिळाली होती, पण डेटा ठेवायला साधन होतं कागदी टेप. भोकं पाडलेली कागदाची पट्टी. प्रोग्रॅम बदलला की पट्टी पुन्हा पाडा, पुन्हा वाचून घ्या. आपल्या जर्नलमधले रीडिंग चुकल्यावर सगळं पान पुन्हा लिहावं लागतं तसं. त्याच सुमारास शुगार्ट कंपनीचे आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह आले होते. किल्डॉलने तिथून एक वापरून झालेला ड्राइव्ह मिळवला. पण नुसता ड्राइव्ह घेऊन काय करणार? त्याला प्रोसेसरशी जोडणारं कंट्रोलर सर्किट हवं, आणि किल्डॉलचा हात सॉफ्टवेअरचा, सोल्डरिंगचा नव्हे. कंट्रोलर बनवायचे त्याचे प्रयत्न फसले. शेवटी विद्यापीठातला जुना मित्र जॉन टोरोड मदतीला आला, त्याने कंट्रोलर बनवला आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावात, किल्डॉलच्या घरामागच्या शेडमध्ये, ते डबडं चालू झालं. डिस्कवरून प्रॉम्प्ट आला. त्या प्रोग्रॅमचं नाव सीपी/एम.

इंटेलला त्याने तो दाखवला. इंटेलने पीएल/एम ठेवून घेतलं आणि सीपी/एममध्ये रस दाखवला नाही. झालं, मग त्याने आणि त्याची बायको डोरोथी हिने मिळून स्वतःची कंपनी काढली. नाव काय ठेवावं, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे पहिला शब्द गळला आणि डिजिटल रिसर्च राहिलं. धंद्याचा सगळा व्यवहार डोरोथी बघायची, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता खरा मुद्दा. त्या वेळचे मायक्रोकॉम्प्युटर म्हणजे नुसता बाजार होता. प्रोसेसर ८०८० नाहीतर झेड-८० असला तरी बाकी काहीच सारखं नाही. कोणाचा डिस्क कंट्रोलर वेगळा, कोणाचं सिरियल पोर्ट वेगळ्या पत्त्यावर, कोणाचं टर्मिनल वेगळं. प्रत्येक नव्या मशीनसाठी किल्डॉलला सीपी/एमच्या पोटात हात घालून बदल करावे लागत. इम्साय नावाची कंपनी तिच्या ८०८० मशीनसाठी सीपी/एम मागायला आली, तेव्हा त्याने पुन्हा तेच करण्याऐवजी सीपी/एमचे तुकडे पाडले. जे हार्डवेअरवर अवलंबून आहे ते सगळं एका छोट्या भागात काढलं आणि त्याला नाव दिलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. म्हणजे आपला बायोस. फाइली सांभाळणारा वरचा भाग बीडॉस, आणि कमांड वाचणारा त्याच्या वरचा. वरचे दोन भाग सगळ्या मशीनवर तेच. खालचा बायोस तेवढा ज्याने त्याने आपापल्या मशीनसाठी लिहायचा.

हा बायोस किती मोठा? सीपी/एम २.२ मध्ये त्याच्या तोंडाशी फक्त सतरा जंप आहेत. एक अक्षर वाच, एक अक्षर लिही, डिस्क निवड, ट्रॅक सांग, सेक्टर सांग, वाच, लिही, असली सतरा कामं. एखादा बरा इंजिनिअर ही सतरा कामं करून द्यायला बसला की त्याच्या मशीनवर जगातलं सगळं सीपी/एम सॉफ्टवेअर चालायला लागायचं. वर्डस्टार, डीबेस टू, पुढे टर्बो पास्कल. वर्डस्टार लिहिणाऱ्याने कंट्रोलर बघायचा नाही, कंट्रोलरवाल्याने वर्डस्टार बघायचा नाही. आज आपल्याला यात काय मोठं असं वाटतं, कारण पहिल्या सेमिस्टरपासून लेयर, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन हे शब्द आपल्या कानावर आदळत असतात. १९७० च्या दशकात सहाशे-सातशे रुपयांचा मोबाइलही नव्हता, तेव्हा ६४ केबीच्या आतबाहेरच्या मशीनवर हे करून दाखवणं म्हणजे गंमत नव्हे.

अर्थात सगळंच सुटलं नव्हतं. भक्तिभावाने लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगतो. स्क्रीनवर कर्सर कुठे न्यायचा, हे त्या सतरा कामांत नव्हतं. त्यामुळे वर्डस्टार बसवताना तुमचं टर्मिनल कोणतं ते निवडावं लागे. आणि आठ इंची फ्लॉपीला एक ठरलेला फॉरमॅट होता, पण सव्वापाच इंची आल्यावर प्रत्येक कंपनीने आपला सवतासुभा मांडला. ऑस्बोर्नची फ्लॉपी केप्रोत घातली तर दोन्हीकडे सीपी/एम असूनही वाचली जाईलच असं नाही. तरीही १९८१ पर्यंत मायक्रोकॉम्प्युटरच्या धंद्यात सीपी/एम हीच सगळ्यांची समाईक जमीन होती.

आता प्रॅक्टिकलवाल्यांसाठी. ८०८६ च्या लॅबमध्ये कॉम फाइल लिहिताना पहिली ओळ काय लिहितो आपण? ओआरजी १०० एच. का १०० एच? कारण सीपी/एममध्ये प्रोग्रॅम त्याच पत्त्यावर चढायचा. स्ट्रिंग छापताना एएचमध्ये ०९ टाकून इंट २१ एच मारतो आणि स्ट्रिंगच्या शेवटी डॉलर लावतो. डॉलरच का, असं मी एकदा ओरलला विचारायचं धाडस केलं होतं, उत्तर आलं की तो नियम आहे. नियम आहे खरा, पण किल्डॉलचा. सीपी/एममध्ये सी रजिस्टरमध्ये ९ टाकून पाच नंबरच्या पत्त्याला कॉल मारला की डॉलरपर्यंतची स्ट्रिंग छापली जायची. फंक्शन १ म्हणजे कीबोर्डवरून अक्षर, २ म्हणजे स्क्रीनवर अक्षर. आकडेसुद्धा तेच. डीआयआर, टाइप, आरईएन या कमांड त्याच. फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि एक्स्टेन्शन तीन, तेही तिथलंच. ए ड्राइव्ह, बी ड्राइव्ह ही अक्षरं डॉसला सीपी/एमकडूनच मिळाली.

हे सारखेपण योगायोगाचं नव्हे. १९७८ मध्ये इंटेलचा ८०८६ आला. डिजिटल रिसर्चची त्यावरची आवृत्ती लांबत गेली. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या लहान कंपनीने ८०८६ चा बोर्ड बनवला होता, त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमची वाट बघून कंटाळा आला. त्यांच्या टिम पॅटरसन या पोराने १९८० मध्ये स्वतःच एक लिहून काढली. सीपी/एमचं मॅन्युअल समोर ठेवून, त्याची फंक्शन्स तशीच ठेवून, म्हणजे जुने प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर आणायला सोपं जावं. फाइलसिस्टिम मात्र त्याची वेगळी होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचं लायसन्स घेतलं, आणि १९८१ च्या जुलैमध्ये ५०,००० डॉलरला ती विकतच घेतली. हाच एमएस-डॉस.

तर तो विमानाचा दिवस. १९८० चा ऑगस्ट. आयबीएम गुपचूप पीसी बनवत होती, तिला ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, गेट्सनेच त्यांना किल्डॉलकडे पाठवलं. किल्डॉल त्या सकाळी स्वतःच्या विमानाने ओकलंडला बिल गॉडबाऊट या हार्डवेअर विकणाऱ्या गिऱ्हाइकाला भेटायला गेला होता. कामाला गेला होता, मौजेला नव्हे. कंपन्यांशी पहिली बोलणी डोरोथी करायची, तीच करायला बसली. आयबीएमने आधी गुप्ततेचा करार पुढे केला, तोही एकतर्फी. सगळी गुपितं सांभाळायची ती डिजिटल रिसर्चने. वकिलाला विचारल्याशिवाय तिने सही केली नाही. यात तिचं काय चुकलं मला कळत नाही. आपल्यापैकी कितीजण बॉण्ड न वाचता सही करून बसतात ते प्लेसमेंट सेलला विचारा. त्यानंतर काय झालं याबद्दल दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. एवढं खरं की आयबीएमला एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं आणि किल्डॉलला प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी हवी होती, आणि मुख्य म्हणजे ८०८६ साठीचं सीपी/एम तयार नव्हतं. दोष शोधायचाच तर इथे शोधावा. दोन वर्षं बाजारात असलेल्या प्रोसेसरवर आपली चीज नेली नाही, कारण साहेबांचं मन तेव्हा पीएल/आय भाषेच्या कंपायलरमध्ये रमलं होतं. सेमिनारमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण यात विमान नाही.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला. किल्डॉलने डॉस पाहिलं, ओळखलं आणि तक्रार केली. सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा कच्चा होता, कोर्टात काय होईल सांगता येत नव्हतं. आयबीएमने तडजोड म्हणून त्याचंही सीपी/एम-८६ विकायचं कबूल केलं. दुकानात दोन्ही आली. पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला, तेही काही महिने उशिरा. आपण कोणतं घेतलं असतं? झालं ना मग.

पण मला या सगळ्यात खुपतं ते पैशापेक्षा दुसरंच. आयबीएमने बायोस हे नाव उचललं आणि तो रॉममध्ये पक्का बसवला. पुढे ग्राफिक्स कार्डांवरही त्यांचा त्यांचा बायोस आला, आयबीएमच्या ईजीए कार्डावर १९८४ मध्ये. हा सगळा कोड ८०८६ च्या मशीन लँग्वेजमध्ये. शिवाय पीसीचा बायोस संथ, म्हणून सॉफ्टवेअरवाले त्याला वळसा घालून सरळ व्हिडिओ मेमरीत लिहू लागले. लोटस १-२-३ तसंच. परिणाम असा की एमएस-डॉस चालणारं पण आयबीएमसारखं हार्डवेअर नसलेलं मशीन कुचकामी ठरायला लागलं, आणि कम्पॅटिबल या शब्दाचा अर्थच बदलला. किल्डॉलच्या लेखी त्याचा अर्थ होता, हार्डवेअर कसलंही असू दे, खालची सतरा कामं करून द्या. आता अर्थ झाला, आयबीएमची हुबेहूब नक्कल करा. सॉफ्टवेअरला हार्डवेअरपासून सोडवायला जन्माला आलेला बायोस स्वतःच हार्डवेअरला चिकटून बसला.

याचा अनुभव आम्हाला हॉस्टेलमध्ये आला. माझ्या रूम पार्टनरच्या काकांचा गावाकडे छापखाना आहे. तिथे एक जुना पॉवर मॅक जी-फोर धूळ खात पडला होता, ग्राफिक्स कार्ड मेलेलं. त्यात काकांनी वर्षानुवर्षं क्वार्क एक्सप्रेसमध्ये जुळवलेली दिवाळी अंकांची पानं होती, जुन्या फाँटांसकट. हार्ड डिस्क काढून फाइली मिळाल्या असत्या, पण ते फाँट आणि ते जुनं क्वार्क दुसरीकडे उघडेना. काका म्हातारे झालेत, एकदा सगळी पानं पीडीएफ करून हवीत एवढंच त्यांचं मागणं. पार्टनरने भंगारातून एक पीसीचं एजीपी कार्ड आणलं, मॅकमध्ये बसवलं. पंखा फिरतो, पडदा काळा.

कारण साधं. मॅकचा प्रोसेसर पॉवरपीसी, त्याच्या ओपन फर्मवेअरला कार्डाच्या रॉममध्ये एफकोड नावाच्या भाषेतला प्रोग्रॅम लागतो. पीसीच्या कार्डात असतो एक्स-८६ चा कोड, तो मॅकला रामरक्षेसारखाही कळत नाही. पीसीच्या बाजूने पाहिलं तर रॉमची सुरुवात ५५ एए या दोन बाइटांनी होते, पुढे लांबी, मग कोड. आणि पीसीआय जातीच्या रॉममध्ये कोड कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारा एक बाइट असतो. ० म्हणजे एक्स-८६, १ म्हणजे ओपन फर्मवेअर, ३ म्हणजे ईएफआय. चिप तीच, मेमरी तीच, ट्रान्झिस्टर तेच. फक्त ओळख करून देणारी भाषा वेगळी.

उपाय म्हणजे कार्डातलं फर्मवेअर बदलायचं. पण ते बदलणारा प्रोग्रॅम डॉसचा, तो मॅकवर चालणार नाही. पार्टनरचा लॅपटॉप नुसता यूईएफआयवाला, त्याला डॉस बूट होत नाही आणि एजीपी खाच तर नाहीच. शेवटी डिपार्टमेंटच्या स्क्रॅपमधला एक पेंटियम फोर सरांच्या परवानगीने रूमवर आला. कार्ड एजीपी खाचेत, पडद्यासाठी दुसरं जुनं कार्ड पीसीआय खाचेत, कारण फ्लॅश होणाऱ्या कार्डावर भरवसा ठेवून चालत नाही. सीडीवरून फ्रीडॉस बूट केलं. आधी जुना रॉम फाइलमध्ये उतरवून ठेवला. कार्डावरची चिप किती केबीची ते भिंग लावून वाचलं, कारण पीसी कार्डांवर बऱ्याचदा ६४ केबीची चिप असते आणि मॅकची फाइल १२८ केबीची, बसतच नाही. आमच्या नशिबाने मोठी होती. मग यूपीएस शेजारच्या रूममधून मागून आणला, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि मधेच गेली तर कार्डाचा दगड होतो. पार्टनरने एंटर दाबला. विंगमधले सात-आठ जण श्वास धरून उभे, मेसची वेळ टळून गेलेली. मिनिटाभरात प्रॉम्प्ट परत आला. ए, त्यापुढे ते बाणासारखं चिन्ह. किल्डॉलच्या शेडमध्येही १९७४ साली प्रॉम्प्ट आला होता. कार्ड मॅकमध्ये गेलं, मॅकने तो घंटेसारखा आवाज केला, पडदा राखाडी झाला आणि मग काकांचा डेस्कटॉप आला. सगळ्यात जुनी फाइल उघडली, मुखपृष्ठावर पणती होती.

ग्राफिक्सचं हे दुखणं किल्डॉलच्या कंपनीला कळलं होतं बरं का. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जीएसएक्स नावाची भर सीपी/एमला घातली. तिचे दोन भाग, जीडॉस आणि जीआयओएस. वरचा सगळीकडे सारखा, खालचा त्या त्या पडद्यासाठी, प्लॉटरसाठी, प्रिंटरसाठी वेगळा. बायोसचीच युक्ती चित्रांना लावलेली. त्यातूनच पुढे १९८५ मध्ये जेम हा खिडक्या-माउसवाला डेस्कटॉप आला. तो अ‍ॅपलला स्वतःच्या मॅकसारखा वाटला, तक्रार झाली आणि डिजिटल रिसर्चला पीसीवरच्या जेमचे पंख छाटावे लागले. अटारी एसटीवर मात्र जेम मूळ रूपात सुखाने नांदला.

१९८३ मध्ये डोरोथी आणि गॅरी वेगळे झाले. त्याच वर्षी तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात स्ट्युअर्ट शिफे यांच्यासोबत दिसू लागला आणि १९९० पर्यंत दिसत राहिला. त्याचे जुने भाग इंटरनेटवर आहेत, जरूर बघा. प्रतिस्पर्ध्याचं सॉफ्टवेअरही तो असं समजावून सांगतो की आपल्या काही लेक्चरर मंडळींनी... असो. सीडीवर गाणी असण्याच्या काळात त्याने सीडीवर विश्वकोश घातला. ग्रोलियर प्रकाशनाचा तो कोश १९८५ मध्ये आला. दरम्यान त्याच्या कंपनीने डीआर-डॉस काढलं, डॉसला पर्याय म्हणून, आणि ते चांगलं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ३.१ च्या एका बीटा आवृत्तीत दुसऱ्याचं डॉस दिसलं की एररचा संदेश दाखवणारा छुपा कोड घातला होता. त्यावरून आणि इतर गोष्टींवरून, डीआर-डॉसची मालकी घेतलेल्या कॅल्डेरा कंपनीने १९९६ मध्ये खटला भरला, २००० साली तो पैसे घेऊन मिटला. किल्डॉलला हे बघायला मिळालं नाही. त्याने डिजिटल रिसर्च १९९१ मध्येच नॉव्हेलला विकली होती.

पैसा त्याने भरपूर मिळवला, तो काही देशोधडीला लागला नव्हता. विमानं, गाड्या, बोटी, टेक्सासात मोठं घर. पण जिथे जाईल तिथे लोक तोच प्रश्न विचारत. १९९२ मध्ये त्याच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाने कॉम्प्युटर सायन्स विभागाच्या वर्धापनदिनाला त्याला माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं, आणि मुख्य भाषण ठेवलं बिल गेट्सचं, ज्याने पदवी अर्धी सोडली होती आणि तीही दुसऱ्या विद्यापीठातली. पीएचडी तिथे केलेला माणूस श्रोत्यांत. हे त्याला फार लागलं. त्याने आठवणी लिहायला घेतल्या, त्याच्या प्रती घरच्यांना आणि मित्रांना वाटल्या, पुस्तक काही निघालं नाही. दारूही वाढली होती. दुसरं लग्नही मोडलं.

८ जुलै १९९४ ला मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये तो पडला आणि डोक्याला मार लागला. ११ जुलैला तो गेला. वय ५२. डोक्यात रक्तस्राव झाला होता. सिअ‍ॅटलमध्ये त्याला पुरलं.

त्या आठवणींचा पहिला भाग कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१६ मध्ये कुटुंबाच्या परवानगीने सगळ्यांसाठी खुला केला. नंतरची प्रकरणं, त्याच्या आजारपणाच्या काळातली, मुलांनी बाहेर दिली नाहीत. त्याआधी २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला, डिजिटल रिसर्चचं ऑफिस होतं त्या लाइटहाऊस अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरासमोर, आयईईईने सीपी/एमसाठी पाटी बसवली. काकांची पानं अजून निघतायत. पार्टनर दर शनिवारी गावी जातो आणि एकेक अंक पीडीएफ करून आणतो.